माल्थस, इंदापूर आणि चेतक

लोकसंख्येवरील निबंधासाठी ओळखल्या जाणाऱ्या थॉमस माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा पुणे जिल्ह्याशी असलेला संबंध फारसा कोणाच्या लक्षात नसतो. 1805 पासून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत होता, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेले तरुण पुढे हिंदुस्थानात मुलकी नोकरीवर येत. त्यांपैकी रॉबर्ट प्रिंगल या हुशार विद्यार्थ्याने 1820 च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या मुलखातील जमिनींची पाहणी हाती घेतली. लागवडीचा सगळा खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरते, त्याच्या 55 टक्के शेतसारा घ्यावा, असे गुरूच्या खंडाच्या (जमिनीच्या भाड्याच्या) सिद्धांतावर बेतलेले त्याचे सूत्र होते. कागदावर ते नेटके होते. पण त्याखालचे आकडे भरवशाचे नव्हते, सारा झेपेना आणि शेतकऱ्यांनी जमिनी पडीक टाकल्या. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्याची नव्याने पाहणी केली तेव्हा त्यांनी हा हिशेबच बाजूला ठेवला, पूर्वी प्रत्यक्षात काय वसूल झाले होते ते पाहून 1836 मध्ये दर खाली आणले आणि ते 30 वर्षांसाठी बांधून दिले. पुढे मुंबई इलाख्यात पसरली ती ही पद्धत.

इकडे इंदापुरात हे चालले असतानाच, 1838 च्या सप्टेंबरअखेर, लंडनमध्ये चार्ल्स डार्विनने माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचला. खाणारी तोंडे अन्नापेक्षा वेगाने वाढतात, हे वाचताना त्याला नैसर्गिक निवडीची, म्हणजे परिस्थितीला जुळणारे टिकतात आणि बाकीचे गळतात या कल्पनेची, किल्ली सापडली. म्हणजे जीवशास्त्राने ही कल्पना अर्थशास्त्राकडून उसनी घेतली होती, आणि आज उद्योगजगत ‘बाजाराची उत्क्रांती’ असे म्हणते तेव्हा ते आपलीच ठेव परत मागत असते. मधल्या काळात त्या ठेवीवर चढलेले व्याज मात्र वाईट होते. ‘बळी तो कान पिळी’ हा अर्थ ज्याच्या आधारे डार्विनच्या माथी मारला जातो, तो ‘सर्वांत योग्य तो टिकतो’ हा वाक्प्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने 1864 मध्ये केला. डार्विनने तो ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या ग्रंथाच्या 1869 च्या आवृत्तीत घेतला, आणि माझ्या मते ती त्याची चूक होती. योग्य म्हणजे बलवान नव्हे. योग्य म्हणजे त्या वेळच्या, त्या ठिकाणच्या परिस्थितीला जुळणारा, आणि परिस्थिती बदलली की जुळणी मोडते.

याचे उदाहरण पुणेकरांना दूर शोधावे लागत नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 मध्ये बाहेर पडलेली बजाजची चेतक स्कूटर मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत आणि लग्नाच्या बोलणीत तिचा नंबर लागल्याचाही उल्लेख होई. त्या काळात कोणी किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवीत असल्याने ग्राहकाच्या हाती निवड उरली नव्हती. जे मिळेल ते तो घेत होता. निवडीचा दाबच नसल्यावर बदल कशासाठी व्हावा? 1980 च्या दशकात परदेशी सहकार्याने आलेल्या फोर-स्ट्रोक मोटारसायकली कमी पेट्रोलमध्ये जास्त पळू लागल्या, 1991 नंतर बंधने सैल झाली आणि स्कूटर मागे पडली. 2009 मध्ये कंपनीने स्कूटरचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. चेतक आधी चांगली होती आणि नंतर वाईट झाली असे नव्हे. तिच्या भोवतीची हवा पालटली.

पण 2020 मध्ये चेतक परत आली. नाव तेच, आत मात्र बॅटरी आणि विजेची मोटर. सजीवांत हे घडत नाही. कंपन्यांच्या बाबतीत आनुवंशिक म्हणता येईल असे नेमके काय असते, हा प्रश्न रिचर्ड नेल्सन आणि सिडनी विंटर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये नीट मांडला, आणि त्यांचे उत्तर होते: कामाच्या रीती. कच्चा माल कसा तपासायचा, उधारी कोणाला द्यायची, तक्रार आली तर आधी कोणाला विचारायचे, या सवयी माणसे बदलली तरी कंपनीत राहतात आणि नव्या माणसांत उतरतात. पुण्यातल्या अमृततुल्य चहाच्या दुकानांत हे डोळ्यांनी दिसते. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पेठापेठांत थाटलेल्या या दुकानांची पितळी भांडी, गिऱ्हाइकासमोर उकळणारा चहा आणि आले-वेलदोड्याचे प्रमाण नात्यागोत्यातून पुढे गेले, आणि आता तेच नाव लावणाऱ्या साखळी-दुकानांनी त्यांतले सोयीचे तेवढे उचलून बाकीचे सोडून दिले. शिकलेले पुढे देता येते आणि परक्याचेही उचलता येते. त्यामुळे व्यवसायाची उत्क्रांती डार्विनपेक्षा, आयुष्यात कमावलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात असे मानणाऱ्या लामार्कच्या कल्पनेला अधिक जवळची आहे.

आर्मेन अल्शियन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1950 मध्ये याच विषयावर एक मार्मिक कल्पना लढवली होती. शिकागोहून निघालेले प्रवासी वाटेल त्या रस्त्याने गेले आणि पेट्रोल पंप एकाच रस्त्यावर असले, तर पुढे पोचणारे सगळे त्याच रस्त्याचे निघतील, मग त्यांनी विचार केलेला असो वा नसो. यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती वाचताना मला हे प्रवासी आठवतात.

समाजाला उत्क्रांतीचे तर्क लावण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न आपल्याकडे पुण्याचेच परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी केला. 1983 मधील त्यांच्या निबंधात जातिव्यवस्थेकडे परिस्थितिकीच्या, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याच्या, नजरेने पाहिले आहे. एकाच माळरानावर वावरणाऱ्या तीन भटक्या समाजांची शिकार त्यांनी पाहिली. फासेपारधी फास लावून काळवीट आणि तित्तिर-लाव्यांसारखे पक्षी धरत; तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारत; वैदू सापळ्यांनी मुंगसासारखे छोटे मांसभक्षक आणि पाण्यातली कासवे, खेकडे पकडत. जंगलात एकाच झाडावरचे पक्षी वेगवेगळ्या उंचीवर किडे टिपून स्पर्धा टाळतात, तशीच ही वाटणी होती. ज्याचा वाटा वंशपरंपरेने त्याच्याच हाती राहणार असतो, त्याला तो आजच ओरबाडण्याचे कारण उरत नाही.

निरीक्षण मोलाचे आहे, पण येथे पाऊल जपून टाकावे लागते. पक्ष्याला दुसऱ्या फांदीवर बसण्याची बंदी कोणी घातलेली नसते. जातीत ती असते, आणि ती खालच्यावर जास्त असते. एखादी व्यवस्था का टिकली हे सांगणे निराळे आणि ती टिकायला हवी होती असे म्हणणे निराळे. शिवाय साधनसंपत्ती टिकवणारी रचना तिच्यातल्या प्रत्येक माणसाच्या भल्याची असतेच असे नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर धंदा रक्तातून उतरतो असे गृहीत धरून अख्ख्या समाजांवर शिक्का मारला. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला आणि पारधी त्यात सापडले. तो 1952 मध्ये रद्द झाला, 1972 च्या वन्यजीव कायद्याने काळविटाच्या शिकारीवर बंदी आली, माळराने नांगराखाली आणि कारखान्यांखाली गेली. निसर्गातल्या ज्या कोनाड्यासाठी, म्हणजे उपजीविकेच्या जागेसाठी, ती रीत घडली होती तो कोनाडाच उरला नाही. जन्माचा शिक्का तेवढा राहिला.

रीती ठरवूनही बदलता येतात. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. जॉर्ज प्राइस या उत्क्रांतीच्या अभ्यासकाने 1970 मध्ये निवडीचे जे समीकरण मांडले त्याच्या आधारे गटातली निवड आणि गटागटांतली निवड वेगळी मोजता येते, आणि नायगावचा नियम त्यात चपखल बसतो: गटाच्या आत ऊस लावणारा शेजाऱ्यावर मात करतो, पण सगळ्यांनी ऊस टाळलेले गाव उन्हाळा काढते. नियम मोडणाऱ्याचा नफा त्याच हंगामात हाती पडतो, पाळणाऱ्यांचा फायदा दुष्काळ पडेल त्या वर्षी. म्हणून अशा योजनेत कोणाच्या शेतात किती पाणी गेले हे पाण्याच्या दर पाळीला सगळ्यांसमोर मोजावे लागते.