इटालियन आत्मवाचक क्रियापदे : रूपे, अर्थ आणि काळ

इटालियन भाषेत ज्या क्रियापदाचे मूळ रूप ‘-सी’ने संपते आणि जे चालवताना प्रत्येक पुरुषात त्या त्या पुरुषाचे एक छोटे सर्वनाम सोबत घ्यावे लागते, त्याला आत्मवाचक क्रियापद (वेर्बो रिफ्लेस्सीवो) म्हणतात. लवारे म्हणजे धुणे, लवार्सी म्हणजे स्वतःचे अंग धुणे. क्यामारे म्हणजे हाक मारणे, क्यामार्सी म्हणजे नाव असणे. इटालियन शिकणारा पहिल्याच दिवशी ‘मी क्यामो…’ म्हणत स्वतःचे नाव सांगतो, तेव्हा नकळत त्याने एक आत्मवाचक क्रियापद चालवलेले असते.

मराठी कानाची पहिली फसगत इथेच होते. ‘मी क्यामो’मधला मी आपलाच मी वाटतो, पण तो कर्ता नाही. कर्त्यासाठी इटालियनमध्ये ‘इयो’ हा शब्द आहे आणि तो बहुधा गाळतात, कारण क्रियापदाच्या शेवटच्या ‘ओ’वरून बोलणारा कोण ते कळते. मराठीतही ‘येतोस का?’ विचारताना ‘तू’ म्हणावे लागत नाही, तसेच. इटालियन ‘मी’चा अर्थ ‘मला’ किंवा ‘स्वतःला’. पुढची सर्वनामे ती (तुला), सी (त्याला, तिला), ची (आम्हांला), वी (तुम्हांला) आणि पुन्हा सी (त्यांना). मराठीतल्या ‘ती’शी आणि षष्ठीच्या ‘ची’शी त्यांचे काही नाते नाही, हे एकदा मनाशी पक्के केले की बरीच वाट सोपी होते.

लवार्सीचा वर्तमानकाळ असा चालतो: मी लावो, ती लावी, सी लावा, ची लव्यामो, वी लवाते, सी लावनो. क्रियापदाची रूपे साध्या लवारेचीच आहेत, नवा प्रत्यय एकही नाही. ‘-आरे’, ‘-एरे’ आणि ‘-ईरे’ या तिन्ही गणांना हीच गोष्ट लागू पडते, म्हणून मेत्तेर्सी (अंगात घालणे) आणि वेस्तीर्सी (कपडे करणे) यांच्यासाठी वेगळे पाठांतर लागत नाही. जे क्रियापद मुळातच अनियमित आहे ते आत्मवाचक झाल्यावरही तसेच अनियमित राहते. सेदेर्सी (बसणे) याचे प्रथमपुरुषी रूप ‘मी स्येदो’ होते, एवढेच.

सर्वनाम रूप झालेल्या क्रियापदाच्या आधी येते. इन्फिनीतो (मूळ रूप), जेरुंद्यो (‘-ताना’सारखे रूप) आणि आज्ञार्थ यांत मात्र ते मागे जाऊन चिकटते: लवार्सी, लवांदोसी (अंग धुताना), लव्यामोची (चला, धुऊ या). दोवेरे (लागणे), पोतेरे (शकणे) आणि वोलेरे (इच्छिणे) या क्रियापदांबरोबर दोन्ही जागा चालतात. ‘मला अंग धुवायचे आहे’ हे ‘देवो लवार्मी’ असेही म्हणता येते आणि ‘मी देवो लवारे’ असेही.

आता या विषयातला खरा गाभा, म्हणजे संयुक्त काळ. इटालियनमध्ये 7 अर्थ (विधान, आज्ञा, संकेत अशा बोलण्याच्या रीतींनुसार होणारे क्रियापदाचे रूपगट) आणि 21 काळरूपे मोजतात. त्यांतली 9 रूपे साहाय्यक क्रियापद आणि भूतकालवाचक धातुसाधित (‘धुतलेला’सारखे रूप) मिळून होतात. सकर्मक क्रियापद साहाय्याला अवेरे (जवळ असणे) घेते. आत्मवाचक क्रियापद नेहमी एस्सेरे (असणे) घेते आणि मग धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. पुरुष म्हणेल ‘मी सोनो अल्त्सातो’, बाई म्हणेल ‘मी सोनो अल्त्साता’. सगळे पुरुष किंवा मिश्र घोळका म्हणेल ‘ची स्यामो अल्त्साती’, सगळ्या बायका म्हणतील ‘ची स्यामो अल्त्साते’. इंग्रजीतून इटालियन शिकणाऱ्याला हे ओझे वाटते. मराठी माणसाला वाटायचे कारण नाही, कारण ‘मी उठलो’ आणि ‘मी उठले’ हा भेद आपण लहानपणापासून न चुकता करतो. व्याकरणाची पुस्तके इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे येतात, म्हणून हे साम्य शिकवताना कुणी दाखवून देत नाही, याची खंत वाटते.

साम्य इथेच संपत नाही. मराठीत भूतकाळी क्रियापद सकर्मक असले की कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माकडे वळते: मार्कोने हात धुतले, मार्कोने साडी धुतली. इटालियनमध्ये ‘मार्को सी ए लवातो ले मानी’ म्हणताना लवातो हे मार्कोप्रमाणे पुल्लिंगीच राहते, हात (ले मानी, स्त्रीलिंगी अनेकवचन) तिथे असले तरी. पण ‘हात’ हा शब्द काढून त्याच्या जागी सर्वनाम घातले की वाक्य होते ‘से ले ए लवाते’, आणि धातुसाधित एकदम हातांच्या लिंगवचनात जाते. म्हणजे कर्म नाम होऊन मागे बसले तर क्रियापद कर्त्याचे, सर्वनाम होऊन पुढे आले तर कर्माचे. मराठीचा ‘धुतले’ ज्यांच्या कानात बसला आहे, त्यांना ‘से ले ए लवाते’ लवकर सापडते. त्यांची गडबड होते ती आधीच्या वाक्यात.

याच वाक्यात आणखी एक ओळखीची खूण आहे. ‘मी लावो ले मानी’ यात ‘माझे’ हा शब्द नाही. हात कुणाचे ते ‘मी’ने सांगितलेलेच असते, त्यामुळे ‘माझे हात’ म्हणणे इटालियन कानाला खटकते. आपणही ‘हात धुऊन घेतो’ एवढेच म्हणतो. या ‘घेतो’कडे नीट पाहावे. धुऊन घेणे आणि धुऊन देणे यांत जो फरक आहे, तोच इटालियनमध्ये ‘मी लावो ले मानी’ (हात धुऊन घेतो) आणि ‘ती लावो ले मानी’ (तुझे हात धुऊन देतो) यांत आहे. बोलीत ‘मी बेवो उन काफ्फे’ म्हणतात, तेव्हा तो ‘मी’ व्याकरणाला मुळीच लागत नाही. कॉफी निवांत, स्वतःसाठी पिऊन घेतो, एवढी चव तो वाक्याला देतो. क्रियेचे फळ कर्त्याकडे जाते तेव्हा आत्मनेपद, असे पाणिनीने सांगितले. दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा ऋत्विज यजति, स्वतःसाठी करणारा यजमान यजते. संस्कृतची ती व्यवस्था प्रत्ययांची होती आणि इटालियनची लॅटिन ‘से’ या सर्वनामातून आलेली आहे. दोन्हींचा उगम वेगळा, पण त्यांना सांगायची गोष्ट एकाच जातीची आहे.

लॅटिनपासून निघालेल्या सगळ्या भाषांनी एस्सेरे ठेवले असे नाही. फ्रेंचने इटालियनसारखेच ‘असणे’ धरले. स्पॅनिशने ते सोडले. तिथे धातुसाधित बदलतच नाही, बोलणारा पुरुष असो की बाई.

अर्थांचे नाव मराठी व्याकरणातूनच घेता येते. इंदिकातीवो हा आपला स्वार्थ, म्हणजे साधे विधान करणारा अर्थ. त्यात आठ काळ. चालू सवयीचा भूतकाळ ‘मी लवावो’ (अंग धूत असे), घडून गेलेला ‘मी सोनो लवातो’, त्याआधीचा ‘मी एरो लवातो’, भविष्य ‘मी लवेरो’ आणि भविष्यातले पूर्ण ‘मी सरो लवातो’. कथाकादंबऱ्यांत येणारा दूरचा भूतकाळ ‘मी लवाइ, ती लवास्ती, सी लवो’ असा चालतो. उत्तर इटलीत तो रोजच्या बोलण्यात जवळजवळ ऐकू येत नाही. सिसिली आणि तोस्काना भागांत तो अजून जिवंत आहे. त्याचा संयुक्त जोडीदार ‘सी फू लवातो’ हा ‘झाल्यावर’ अशा अर्थाच्या उपवाक्याबाहेर क्वचितच सापडतो.

संकेतार्थात इटालियन आणि मराठीची वाट फुटते. ‘लवकर उठलो असतो, तर गाडी पकडली असती’ या वाक्यात आपण दोन्हीकडे ‘असणे’चे तेच संकेतार्थी रूप वापरतो. इटालियनमध्ये ‘तर’च्या आधी कोंजुंतीवो (शंका, इच्छा, अट सांगणारा अर्थ) आणि नंतर कोंदित्सियोनाले (अटीवर अवलंबून असलेली गोष्ट सांगणारा अर्थ): ‘से मी फोस्सी अल्त्सातो प्रीमा, अव्रेइ प्रेसो इल त्रेनो’. पहिल्या भागात आत्मवाचक क्रियापदामुळे एस्सेरेचे फोस्सी, दुसऱ्यात गाडी पकडणे सकर्मक म्हणून अवेरेचे अव्रेइ. एका वाक्यात दोन अर्थ आणि दोन साहाय्यक! हे एक वाक्य तोंडात बसले तर या प्रकरणाचा अर्धा अभ्यास झाला, असे खुशाल समजावे. कोंजुंतीवोला मराठीत नेमका जोडीदार नाही. ‘वाटते’, ‘हवे’, ‘भीती आहे’ अशा क्रियापदांच्या मागे तो येतो: ‘क्रेदो के सी सीया लवातो’ (त्याने अंग धुतले असावे, असे मला वाटते).

आज्ञार्थात आघाताकडे लक्ष द्यावे लागते. ‘अंग धू’ हे ‘लावती!’, आघात पहिल्या अक्षरावर. आघात दुसऱ्या अक्षरावर नेला की ‘लवाती’ होते आणि अर्थ होतो ‘धुतलेले’. लिहिताना दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. फरक फक्त उच्चारात आहे. सर्वनाम मागे चिकटले तरी क्रियापदाचा मूळ आघात हलत नाही, हा त्यामागचा नियम. नकार दोन तऱ्हांनी होतो: ‘नोन ती लवारे’ किंवा ‘नोन लवार्ती’. आदरार्थी आज्ञा कोंजुंतीवोतून घेतात आणि तिथे सर्वनाम पुन्हा पुढे येते. दारात आलेल्या मित्राला ‘अक्कोमोदति’, वडीलधाऱ्याला किंवा अनोळखी माणसाला ‘सी अक्कोमोदी’. आपल्या ‘ये, बस’ आणि ‘या, बसा’ यांच्यात असते तेवढेच अंतर.

‘-सी’ लागलेले प्रत्येक क्रियापद स्वतःवरच उलटते असे मात्र नाही. अब्राच्चार्सी म्हणजे एकमेकांना मिठी मारणे. निरोप घेताना रोज ऐकू येणारे ‘ची वेद्यामो’ हे शब्दशः ‘आपण एकमेकांना पाहतो’, भावार्थाने ‘भेटू’. पेन्तीर्सी (पस्तावणे), अक्कोर्जेर्सी (ध्यानात येणे) आणि वेर्गोन्यार्सी (लाजणे) यांना ‘-सी’शिवाय रूपच नाही. मनाच्या अवस्थांची क्रियापदे इथे मोठ्या संख्येने सापडतात: मी वेर्गोन्यो (मला लाज वाटते), मी रिकोर्दो (मला आठवते), मी अन्नोयो (मला कंटाळा येतो), मी अर्राब्यो (मला राग येतो). आपण या सगळ्यांना ‘मला’ लावतो, इटालियन ‘मी’ लावते. पण क्रियापद इटालियनमध्ये बोलणाऱ्याचेच राहते, आणि मराठीत लाज, कंटाळा, राग हे कर्ते होऊन बसतात. सामान्य कर्त्याचे (‘कोणीही’ या अर्थाचे) ‘सी’ आणि आत्मवाचक ‘सी’ शेजारी आले, तर पहिल्याचे ‘ची’ होते: ‘ची सी आल्त्सा प्रेस्तो’ (लवकर उठतात, उठले जाते).

दुसरे सर्वनाम जोडीला आले की मी, ती, सी यांचे मे, ते, से होते. अंदार्सेने (निघून जाणे) चालते ते असे: मे ने वादो, ते ने वाइ, से ने वा, चे ने अंद्यामो, वे ने अंदाते, से ने वान्नो. रागाने ‘चालता हो’ म्हणायचे तर ‘वात्तेने!’, आणि त्यातला ‘त’ असा दुप्पट होतो की शब्दाला धक्का दिल्याचा जोर येतो.

या कुळातले सर्वांत मजेचे क्रियापद कवार्सेला, म्हणजे कसेबसे निभावणे. त्यातला ‘ला’ हे स्त्रीलिंगी कर्म आहे, पण ते कोणत्या नामासाठी आले ते कुणीच सांगत नाही. आणि धातुसाधित त्या अदृश्य कर्माप्रमाणे चालते, म्हणून धिप्पाड पुरुषसुद्धा ‘मे ला सोनो कवाता’ असेच म्हणतो. ‘कवातो’ म्हटले तर चूक. इटालियन शिकवणाऱ्यांना हे समजावताना घाम फुटतो. मराठीत मात्र ‘त्याची चांगलीच जिरवली’, ‘त्याला खणखणीत सुनावली’ असे आपण रोज बोलतो. काय जिरवली, काय सुनावली? नाम नाही, पण स्त्रीलिंग आहे.

जुन्या इटालियनमध्ये आघातहीन सर्वनामाने वाक्याची सुरुवात करता येत नसे. तिथे ते क्रियापदाच्या मागेच चिकटत असे. आदोल्फ टोब्लर आणि आदोल्फो मुस्साफिया या अभ्यासकांच्या नावांवरून या नियमाला टोब्लर–मुस्साफिया नियम म्हणतात. आजच्या भाषेतून तो गेला, पण घरांच्या दारांवरच्या पाट्यांत आणि छोट्या जाहिरातींत राहिला: वेन्देसी (विकणे आहे), अफ्फित्तासी (भाड्याने देणे आहे), चेर्कासी (पाहिजे). इथले ‘सी’ आत्मवाचक नाही, कर्मणी आहे. जागा मात्र तीच जुनी.