फ्रीजचा गॅस बदलला, मग तेलाचं काय?

फ्रीजच्या कॉम्प्रेसरच्या काळ्या डब्यात तेल असतं. गॅस दाबताना त्यातलं थोडं तेल गॅसबरोबर पाईपात निघून जातंच, ते फिरून परत यायला हवं, नाहीतर डबा हळूहळू कोरडा पडतो आणि एक दिवस कॉम्प्रेसर जाम. आणि वाटेत कूलिंग कॉईलमध्ये असते उणे २० च्या आसपासची थंडी, तिथे तेल घट्ट होऊन चिकटून बसतं. त्याला पातळ करून पुढे ढकलायचं काम गॅसचं, पण तो तेलात विरघळला तरच ना!

जुन्या आर-१२ गॅसचं साध्या मिनरल ऑइलशी, म्हणजे पेट्रोलियमपासून निघणाऱ्या तेलाशी, मस्त जमायचं. शिवाय त्यातलं क्लोरीन धातूवर पातळ थर धरून घासण्यापासून वाचवायचं, म्हणजे ओझोनचा शत्रू बेअरिंगचा मित्र होता. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला, आर-१२ गेला आणि क्लोरीन नसलेला आर-१३४ए आला, तो मिनरल ऑइलमध्ये मिसळतच नाही, म्हणून पीओई नावाचं सिंथेटिक तेल आणावं लागलं. हे तेल अल्कोहोल आणि आम्लापासून बनतं, बनताना पाणी बाहेर पडतं, पण नंतर पाणी मिळालं की उलटा प्रवास सुरू, परत आम्ल, आणि ते आतून सगळं खराब करतं. त्यात हे तेल हवेतली ओल फार पटकन ओढतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. तेलाचा डबा उघडा ठेवून चहाला जाणारा मेकॅनिक बघितला की मला धडकी भरते, कारण पाईपातली ओल व्हॅक्यूम पंप काढतो, तेलात मुरलेली सहजासहजी निघत नाही.

आताच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो मिनरल ऑइलचाच भाऊबंद, त्यामुळे जुनं तेल परत आलं. (पेट घेतो, म्हणून भरतात १०० ग्रॅमपेक्षाही कमी.)

बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया मात्र वेगळीच केस. मिनरल ऑइलशी त्याचं जमत नाही तरी तेच वापरतात, कारण तेल द्रव अमोनियापेक्षा जड, टाकीच्या तळाशी बसतं आणि खालचा व्हॉल्व्ह उघडून काढता येतं. तिथे पीओई टाकलं तर अमोनिया त्याच्याशी रिॲक्शन करून सगळा चिखल करून ठेवेल.