कॅपिटल नौका (ईव्ह ऑनलाइन)

'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळ-खेळातल्या सर्वांत मोठ्या नौकांचा वर्ग. आइसलँडच्या रेक्याविकमधल्या सीसीपी गेम्स या कंपनीने हा खेळ ६ मे २००३ रोजी सुरू केला. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला, तर जगभरचे खेळाडू 'न्यू एडन' नावाच्या एकाच विश्वात एकमेकांसमोर येतात. तिथे फ्रिगेट, डिस्ट्रॉयर, क्रूझर, बॅटलक्रूझर आणि बॅटलशिप अशी चढती भाजणी असते. बॅटलशिपच्या वर जे काही आहे ते कॅपिटल. नौका फुटली की कायमची गेली. विम्याचे थोडे पैसे मिळतात, नौका परत मिळत नाही. या एका नियमामुळे इथल्या मोठ्या नौकांना खरं वजन आलं आहे.

'कॅपिटल शिप' हा शब्द मूळचा आरमारातला, अर्थ पहिल्या प्रतीची युद्धनौका. त्याचं 'भांडवली नौका' असं भाषांतर करू नये, जरी या नौकांमागे अडकलेली रक्कम पाहता ते फार चुकीचंही ठरणार नाही. 'ड्रेडनॉट' या कॅपिटल प्रकाराचं नावही आरमाराकडूनच आलं. ब्रिटनने १९०६ मध्ये त्याच नावाची युद्धनौका समुद्रात उतरवली आणि त्याआधीच्या सगळ्या नौका एका फटक्यात जुन्या ठरल्या.

नवख्या खेळाडूचा पहिला गैरसमज असा, की नौका जितकी मोठी तितकी ती स्वयंपूर्ण. प्रत्यक्षात उलट आहे. फ्रिगेट घेऊन एकटा माणूस रात्रभर भटकू शकतो, टायटन ही सर्वांत मोठी नौका घेऊन एकटा निघालेला माणूस सकाळपर्यंत टिकत नाही. परांड्याच्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेली, तेव्हा ती ओढायला हत्ती, शेकडो बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. सुमारे ५५ टनांच्या तोफेची दहशत सगळ्यांना ठाऊक असते, पण बैलांच्या वैरणीचा हिशेब कोणी तरी ठेवलेला असतो. कॅपिटल नौकांचं सगळं शास्त्र हे त्या वैरणीच्या हिशेबाचं शास्त्र आहे.

उडी आणि सायनो : साधारण नौका एका सूर्यमालेतून दुसरीत 'स्टारगेट'मधून जाते. लढाऊ कॅपिटल नौकांना स्वतःचं जंप ड्राइव्ह असतं आणि त्या काही प्रकाशवर्षांची थेट उडी मारतात. पूर्ण कौशल्य शिकलेल्या खेळाडूचं ड्रेडनॉट किंवा कॅरिअर ७ प्रकाशवर्षं जातं, सुपरकॅरिअर आणि टायटन ६, जंप फ्रेटर ही मालवाहू नौका १०. उडीला 'आयसोटोप' हे इंधन लागतं. ते बर्फाच्या खाणींतून निघतं आणि खेळातल्या चार वंशांच्या नौकांना वेगवेगळं लागतं : अमारला हेलियम, काल्डारीला नायट्रोजन, गॅलेन्टेला ऑक्सिजन, मिनमटारला हायड्रोजन. ज्या भागात पोलिसी संरक्षण पक्कं आहे, म्हणजे सुरक्षा ०.५ किंवा वर आहे, तिथे लढाऊ कॅपिटलना प्रवेश नाही.

उडी मारायची म्हणजे पलीकडे कुणी तरी दिवा लावून उभं असावं लागतं. हा दिवा म्हणजे सायनोसुरल फील्ड, बोलण्यात 'सायनो'. तो लावणारी नौका छोटी असते, दिवा विझेपर्यंत जागची हलू शकत नाही, आणि त्या सूर्यमालेतल्या प्रत्येकाला दिवा दिसतो. अब्जावधींचा ताफा अशा एका हलक्या नौकेच्या भरवशावर येतो. लातूर-नांदेडकडची पोरं व्हॉइसवर बोलतात तेव्हा साधारण असं ऐकू येतं :

'दादा, सायनो लावलाय. या बरं लौकर.'
'थांब, इंधन बघूलालोय.'
'आता काय बघूलालाव? माझ्यावर तिघं बसलेत!'

इंधन दिवा लागण्याआधी बघायचं असतं. पूर्वी हे दिवे जवळपास कुणालाही लावता येत. सप्टेंबर २०१९ पासून ठरावीक प्रकारच्या नौकांनाच ते लावता येतात, त्यामुळे अचानक डोक्यावर ताफा उतरण्याची भीती थोडी कमी झाली. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जंप फटीग' आला : लागोपाठ उड्या मारल्या की थकवा साचतो आणि पुढची उडी लांबते. एका रात्रीत विश्वाच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊन दुसऱ्यांच्या भांडणात पडणं तेव्हापासून अवघड झालं. खेळाडूंच्या मोठ्या युत्यांनी तेव्हा बरीच आदळआपट केली, पण बदल योग्यच होता.

ड्रेडनॉट : २००४ च्या अखेरीस आलेली ही पहिली लढाऊ कॅपिटल नौका. रेव्हलेशन, फिनिक्स, मोरोस आणि नॅगलफार अशी चार वंशांची चार. नॅगलफार हे नॉर्स पुराणातल्या, मेलेल्यांच्या नखांपासून बनवलेल्या जहाजाचं नाव आहे. मिनमटारांच्या अनेक नौकांना कंपनीने आपल्या घरच्या पुराणातली नावं दिली आहेत.

ड्रेडनॉटचं काम वेढा घालण्याचं. त्यावर 'सीज मॉड्यूल' बसवतात. ते चालू केलं की तोफांचा मारा कित्येक पटींनी वाढतो, स्वतःची दुरुस्ती करण्याची ताकदही वाढते, पण पाच मिनिटं नौका एका जागी खिळते. हलता येत नाही, उडी मारता येत नाही, आणि बाहेरून कुणी दुरुस्तीची मदतही पोचवू शकत नाही. प्रत्येक फेरीला 'स्ट्रॉन्शियम' जळतं. बटण दाबलं की घड्याळाचा काटा हळूहळू गोल फिरू लागतो आणि तो पुरा होईपर्यंत पुढचं काहीच आपल्या हातात राहत नाही. समोर शत्रूचा सायनो पेटलेला दिसतो, त्यातून काय येणार ते कळत नाही, आणि काट्याला अजून तीन मिनिटं असतात. अनुभवी मंडळी म्हणूनच ड्रेड सीजमध्ये घालण्याआधीच ते गेलं असं धरून चालतात. २०२३ मध्ये 'लान्सर' ही त्याची उपजात आली, ती भाल्यासारखा लांब झोत टाकून त्यात सापडलेल्या नौकांच्या उड्या अडवते.

कॅरिअर आणि फोर्स ऑक्झिलरी : डिसेंबर २००५ मध्ये आलेली कॅरिअर (आर्कॉन, कायमेरा, थॅनॅटोस, निडहॉगर) आधी दोन्ही कामं करत असे. लढाऊ विमानांचे थवेही सोडायची आणि ताफ्याची दुरुस्तीही. एकाच नौकेत हातोडा आणि मलमपट्टी दोन्ही असल्याने इतर कशाची गरजच उरेना. २७ एप्रिल २०१६ च्या 'सिटाडेल' विस्तारात दुरुस्तीचं काम काढून घेऊन फोर्स ऑक्झिलरी हा नवा वर्ग केला : अपॉसल, मिनोकावा, निनाझू, लिफ. खेळाडू यांना 'फॅक्स' म्हणतात. फॅक्सने दुरुस्तीची ताकद वाढवणारा 'ट्रायेज' चालू केला की तीही ड्रेडसारखी खिळते आणि दुसऱ्यांना जगवता जगवता स्वतः मात्र मदतीविना उरते. शत्रू पहिला मारा बहुधा हिच्यावरच करतो.

सुपरकॅरिअर : जुनं नाव मदरशिप. इऑन, वायव्हर्न, निक्स, हेल. जड लढाऊ विमानं हे यांचं मुख्य हत्यार.

टायटन : लांबी १० किलोमीटरहून अधिक. अवतार, लेवायथन, एरेबस, रॅग्नारॉक. यातला पहिला शब्द आपल्याच घरचा, तो परदेश फिरून परत आला इतकंच. पहिला टायटन २००६ मध्ये असेंडंट फ्रंटिअर या युतीने बांधला. तो अवतारच होता आणि चालकाने त्याचं नाव ठेवलं होतं 'स्टीव्ह'. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बँड ऑफ ब्रदर्स या विरोधी युतीने तो फोडला. त्याचे अवशेष सी९एन-सीसी या सूर्यमालेत स्मारक म्हणून ठेवले आहेत.

टायटनचं 'डूम्सडे' हे अस्त्र सुरुवातीला एका झटक्यात आसपासच्या सगळ्या लहान नौका भाजून काढायचं. डिसेंबर २००९ मध्ये ते एकाच लक्ष्यावर मारणारं केलं. पण टायटनचा खरा रोजचा उपयोग वेगळाच आहे : तो स्वतः न हलता दूरच्या सायनोपर्यंत पूल टाकतो आणि लहान नौकांचा पूर्ण ताफा पलीकडे धाडतो. 'ब्रिज' आणि 'जंप' हे दोन पर्याय एकाच मेनूत असतात. जानेवारी २०१३ मध्ये असाकाई इथे एका चालकाने ताफा पाठवायच्या ऐवजी चुकून स्वतःच उडी मारली आणि लेवायथन एकटाच शत्रूच्या मधोमध जाऊन पडला. त्याला सोडवायला त्याच्या बाजूचे आले, त्यांना मारायला इतर आले, आणि एका क्लिकची चूक हजारो खेळाडूंची लढाई होऊन बसली.

सुपरकॅरिअर आणि टायटन साध्या स्थानकात उभे करता येत नसत. चालकाने खेळ सोडला, तर नौका त्याच्यासकट अंतराळातून नाहीशी होई आणि तो परत येईल तेव्हा तिथेच उमटे. त्यामुळे एक पूर्ण पात्र त्या नौकेतच अडकून पडत असे, त्याला खेळाडू 'शवपेटी' म्हणत. २०१६ मध्ये 'कीपस्टार' हे अजस्त्र स्थानक बांधता येऊ लागलं तेव्हा हे लोक पहिल्यांदा नौकेतून बाहेर पडले.

२७ आणि २८ जानेवारी २०१४ ची बी-आर५आरबी इथली लढाई ही या वर्गाची सर्वांत गाजलेली. कारण काय, तर एका युतीच्या ताफ्याचा तळ असलेल्या सूर्यमालेचा ताबा ठेवण्याचं बिल भरलं गेलं नाही. बिल थकलं, ताबा सुटला, आणि शेजारी लगेच दारात. सुमारे २१ तासांत ७५ टायटन फुटले. नुकसान सुमारे ११ लाख कोटी इस्क (खेळातलं चलन), डॉलरमध्ये मोजायचं तर ३ लाखांच्या वर. ३० आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी एम२-एक्सएफई इथे हा आकडा मागे पडला, तिथे २५७ टायटन गेले. एवढी गर्दी झाली की सर्व्हर 'टाइम डायलेशन' लावतो, म्हणजे खेळातला वेळच मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत खाली आणतो. मग ड्रेडनॉटची पाच मिनिटांची फेरी पन्नास मिनिटं चालते.

मालवाहू : फ्रेटर (प्रॉव्हिडन्स, कॅरॉन, ओबेलिस्क, फेनरिर) याही कॅपिटल आकाराच्या, पण निःशस्त्र. यांना जंप ड्राइव्ह नाही, त्यामुळे गेटमधून रांगेने जातात आणि सुरक्षित भागातही चालतात. जिटा हा विश्वाचा मोठा बाजार. तिथे जे स्वस्त मिळतं ते सीमेवर मिळत नाही, कारण खेळात माल आपोआप पोचत नाही, कुणी तरी तो वाहून न्यावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा धरणात पाणी असणं आणि नळाला पाणी असणं या दोहोंतलं अंतर लातूरकरांना नव्याने कळलं. फ्रेटरचालकाला ते रोज कळतं. उएडामा या सूर्यमालेत टपून बसलेल्या स्वस्त डिस्ट्रॉयरांचा थवा अशा नौकांवर तुटून पडतो. पोलीस येऊन हल्लेखोरांना मारतात खरे, पण तोवर माल लुटला गेलेला असतो. डिसेंबर २००७ मध्ये आलेली जंप फ्रेटर माल कमी नेते, पण सीमेपर्यंत थेट उडी मारते.

रॉर्क्वल ही खाणकामाची कॅपिटल नौका. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिला खोदणारे मोठे ड्रोन मिळाले आणि खनिजांचा पूर आला. खनिज स्वस्त म्हणजे टायटन स्वस्त. पुढे कंपनीने खनिजं आटवली आणि २०२१ मध्ये बांधणीची कृतीच क्लिष्ट केली, त्यामुळे कॅपिटलच्या किमती कित्येक पटींनी चढल्या. एम२-एक्सएफईला एवढे टायटन आले कुठून, याचं उत्तर रॉर्क्वलच्या त्या सुगीच्या वर्षांत आहे.

मराठवाड्यातून खेळताना : फुकट खात्यावर कॅपिटल चालवता येत नाही, वर्गणी लागते, आणि कौशल्यं खऱ्या वेळेत शिकली जात असल्याने महिन्यांवर महिने जातात. खेळाचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं. युरोपातली संध्याकाळची गर्दी इकडे रात्री साडेअकराच्या पुढे सुरू होते, त्यामुळे वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्याला हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल. बी-आर५आरबीची लढाई आपल्याकडे संध्याकाळी पेटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला, सर्व्हर रोजच्यासारखा देखभालीसाठी बंद झाला तेव्हा थांबली.

खरी अडचण विजेची. लढाईत भाग घेतल्यावर संपर्क तुटला तर नौका लगेच नाहीशी होत नाही, सुमारे १५ मिनिटं तिथेच राहते. सीजमधलं ड्रेड तर पळूही शकत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून बरेच जण निर्धास्त असतात, आणि लाईट गेल्यावर लॅपटॉप चालूच राहतो, बंद पडतो तो वायफायचा डबा. घरातल्या इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा असतो, तिथे आधी त्या डब्याची वायर घ्यावी.