आजीव सभासद ते ‘पोस्ट’: पुण्यातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात संध्याकाळी अभ्यासिका सुटल्या की चहाच्या टपऱ्यांवर एकच चौकशी ऐकू येते: “पोस्ट निघाली का?” म्हणजे स्पर्धा परीक्षेतून सरकारी पदावर निवड झाली का. बीड, नांदेड, सोलापूरकडून आलेली पोरं कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात आणि कट-ऑफची गणितं मांडतात. ज्याची पोस्ट निघाली तो एका रात्रीत ‘साहेब’ होतो. ज्याची निघत नाही, त्याला पाहुण्यारावळ्यांत आपण कोण हे सांगताना जीव नकोसा होतो. मी कोण आणि मला नेमकं करायचंय काय, याचं उत्तर लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) निकालाच्या यादीत शोधायची ही रीत फार जुनी नाही. प्रश्न मात्र या गावाला चांगलाच जुना आहे, आणि बहुतेक वेळा तो चारचौघांतच विचारला गेला आहे.

गाव हादरलं की हा प्रश्न वर येतो. 1630 च्या दुष्काळात देहूच्या एका वाण्याचं दुकान बुडालं, घरात अन्नावाचून मृत्यू झाले आणि तो भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसला. तुकोबांचं पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण डोंगरावर जाणं हा मार्ग पुण्याने पुढे फारसा घेतला नाही.

पुण्यापुरता खरा धक्का 1818 चा. पेशवाई गेली आणि तिच्याबरोबर हजारो घरांची ओळखही गेली: कारकून, शिलेदार, आश्रित, भिक्षुक. श्रावणात रमण्याच्या आवारात ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी छाटली आणि त्यातल्या पैशातून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. जुनं मानपान आणि नवी विद्या एकाच वाड्यात नांदू लागली. 1848 पासून लोकहितवादींनी (गोपाळ हरी देशमुख) ‘प्रभाकर’ या वर्तमानपत्रात पत्रं लिहून याच वर्गाला धारेवर धरलं. लिहिणारा स्वतः सरकारी चाकरीत होता, ही त्यातली गंमत.

पण माझ्या मते त्या शतकातला सगळ्यात नेमका प्रश्न विचारला तो एका शाळकरी मुलीने. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि त्यापायी घर सोडलं, हे पाठ्यपुस्तकात असतं. त्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिचा युक्तिवाद सरळ आहे. वेद ब्राह्मणांचेच असतील, आम्ही ते पाहायचेही नसतील, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता? देवा, तेवढं आम्हाला कळव. इतरांना जन्मापासून आयती मिळालेली ओळख तिला कुणी दिलीच नव्हती, म्हणून तिला ती मागताना सोवळं-ओवळं आड आलं नाही.

पेठांमधल्या शिकलेल्या मुलांची अडचण वेगळी होती. ओळख होती, पण अंगाला बसत नव्हती. 1880 च्या सुमारास पदवी म्हणजे मामलेदारी किंवा वकिली, हे ठरलेलं. गरिबीत शिकलेल्या आगरकरांनी आईला कळवलं की मुलगा मोठ्या पगाराचा होईल ही आशा सोड, मी पोटापुरत्यावर राहणार. 1 जानेवारी 1880 ला न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 मध्ये फर्ग्युसन. या सोसायटीने ‘आजीव सभासद’ नावाचा माणूस घडवला: महिना 75 रुपये आणि 20 वर्षांची बांधिलकी. आयुष्याचं काय करायचं या प्रश्नाला पुण्याने दिलेलं हे अस्सल उत्तर. त्यात ना मोक्ष होता, ना बढती. होती ती एक संस्था, तिची घटना आणि दर महिन्याचा तुटपुंजा पगार.

तेही सुखाने चाललं नाही. आजीव सभासदाने जेझुइट पाद्र्यांसारखं सगळं आयुष्य कामाला द्यावं, बाहेरची मिळकत करू नये, हा टिळकांचा आग्रह. संसार असलेल्या माणसांना तेवढ्यात भागेना. 1890 साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. आगरकर त्याआधीच ‘केसरी’ सोडून ‘सुधारक’ काढून बसले होते. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 1895 मध्ये चाळिशी गाठायच्या आत ते गेले, तेव्हा अंत्यविधीपुरते पैसे स्वतःच पुरचुंडीत बांधून ठेवलेले होते.

टिळक बाहेर पडले त्याच वर्षीचं चहाचं प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबरमध्ये गुरुवार पेठेतल्या पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि चहा-बिस्किटं फिरली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, अशी गावातली नामांकित मंडळी हजर. काही प्यायले, काहींनी कप नुसता हातात धरून ठेवून दिला. गोपाळराव जोशी (डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचे यजमान, अंगात भारी खोडी) यांनी हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली. झालं. ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी बसली. श्राद्धाला भटजी मिळेना, माहेरवाशिणी अडकल्या. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी पुढे एका स्नेह्याच्या घरची कुचंबणा पाहून प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. याच रानड्यांनी विधवाविवाहाचा पुरस्कार करत असताना, पहिली पत्नी वारल्यावर 1873 साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं होतं. त्यांना दुटप्पी म्हणून निकालात काढणं सोपं आहे. मला ते तसे वाटत नाहीत. पंगतीतलं पान हीच ज्या गावात माणसाची ओळख होती, तिथे घरातल्या दहा जणांना उपाशी न उठवता नवं व्हायचं कसं, याचं तयार उत्तर त्या काळी कुणाकडेच नव्हतं.

रानड्यांची ती अकरा वर्षांची पत्नी म्हणजे रमाबाई. त्यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. दुसऱ्या रमाबाई त्याहून झपाट्याने बदलल्या. पंडिता रमाबाईंचे आईवडील उपासमारीत गेले, नवरा दोन वर्षांत गेला, आणि 1882 साली त्या लहान मुलीला घेऊन पुण्यात आल्या. गावाने त्यांना डोक्यावर घेतलं, आर्य महिला समाज निघाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याच गावाने डोक्यावरून उतरवलं. त्यांच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला आणि मुरूड या त्यांच्या गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तो 1900 मध्ये हिंगण्याला गेला, तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून कर्वे रोज पायी तिकडे जात. तिथे जाणारा आजचा रस्ता त्यांच्याच नावाचा. त्यावर ते किती वेळात पोचले असते, हे पुणेकरांनीच सांगावं.

1905 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला आणि सभासदांना सात प्रतिज्ञा लावल्या. आजीव सभासदाचं ते सगळ्यात कडक रूप. पण ही वाट खुली होती ती मुख्यतः एका वर्गातल्या, शिकलेल्या पुरुषांना. बाकीच्यांना आधी माणूस म्हणून मोजलं जाण्यासाठीच झगडावं लागलं. 1929 सालीसुद्धा पर्वतीच्या देवळात पाऊल ठेवायला सत्याग्रह करावा लागला.

स्वातंत्र्यानंतर संस्था वाढल्या, इमारती झाल्या, आजीव सभासदाचं कर्मचाऱ्यात रूपांतर झालं. आयुष्य वाहून घ्यायची जागा म्हणून संस्थेकडे पाहणं हळूहळू थांबलं. नव्वदीनंतर हिंजवडीच्या आयटी कंपन्यांनी पगार दिला, तोही भरपूर. पण शेती परवडत नाही आणि इंग्रजी जड जातं अशा गावाकडच्या मुलाला हिंजवडी दूरच राहिली. त्याच्यापुढे मान आणि स्थैर्य एकाच वेळी देणारं दार उरलं ते सरकारी. शिवाय परीक्षेला बसताना आडनाव सांगून पंगत मिळवावी लागत नाही. मुक्ता साळवेच्या गावात ही गोष्ट लहान नाही, आणि या पोरांना ‘सरकारी नोकरीच्या मागे लागलेली’ म्हणून हिणवणाऱ्यांच्या ती सहसा ध्यानात येत नाही.

म्हणूनच मार्च 2021 मध्ये तोंडावर आलेली परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी येताच शास्त्री रस्ता अडला. 2023 च्या सुरुवातीला मुलं पुन्हा रस्त्यावर बसली, पर्यायांऐवजी सविस्तर उत्तरं लिहायची वर्णनात्मक पद्धत लगेच नको, 2025 पासून लागू करा म्हणून, आणि आयोगाने ते मान्य केलं. आता ती पद्धत लागू झाली आहे. खुल्या गटाला वयाची अट 38 ची आहे, अभ्यासिका पहाटेपासून भरतात.