अंक १८१ की १९१? जुन्या विज्ञानपट-मासिकांच्या संग्रहाची पार्श्वभूमी

‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ या अमेरिकी भयपट-मासिकाचा फुल सेट विकायला निघाला की ठाणे-नवी मुंबईतल्या संग्राहकांमध्ये तोच वाद पुन्हा उभा राहतो. शेवटच्या अंकावर क्रमांक १९१ आहे, पण गठ्ठा मोजला तर अंक भरतात १८१. दहा अंक गहाळ झाले म्हणून घेणारा भाव पाडतो आणि विकणारा वैतागतो. चूक दोघांचीही नाही. या गोंधळाचं मूळ १९७० मधल्या एका निर्णयात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १९५७ मध्ये हॉलिवूडचे जुने भयपट अमेरिकी टीव्हीवर आले आणि शाळकरी पोरांना त्यांचं वेड लागलं. एका फ्रेंच सिनेमासिकाच्या विशेषांकावरून कल्पना घेऊन फेब्रुवारी १९५८ मध्ये हे मासिक निघालं, तेही एकच अंक काढायचा म्हणून. तो हातोहात खपला आणि मासिक १९८३ पर्यंत चाललं. परग्रहवासी, यंत्रमानव, राक्षस असं सगळं त्यात एकत्र असायचं.

आता तो निर्णय. याच प्रकाशकाने १९६४ ते १९६६ मध्ये ‘मॉन्स्टर वर्ल्ड’ नावाचं जोडमासिक काढलं. त्याचे दहा अंक निघाले आणि ते बंद पडलं. चार वर्षांनी मूळ मासिकाच्या ६९व्या अंकानंतर थेट ८०वा अंक आला. ७० ते ७९ छापलेच गेले नाहीत. प्रकाशकाचं म्हणणं असं की जोडमासिकाचे दहा अंक खरं तर याच मासिकाचे होते, ते आता हिशोबात धरले. वाचकांच्या हाती मात्र एवढंच लागलं की शंभरावा अंक दहा अंक आधी आला. आपल्याकडे एक गट ‘मॉन्स्टर वर्ल्ड’चे दहाही अंक असल्याशिवाय संच पूर्ण मानत नाही. मला हे पटत नाही. त्या अंकांच्या मुखपृष्ठावर नाव वेगळं आहे, क्रमांकही एकपासून सुरू होतात. ज्याने ते १९६५ मध्ये विकत घेतले, त्याने वेगळं मासिक म्हणूनच घेतले. नंतरच्या सोयीच्या हिशोबाने संग्रह मोजू नये.

आपल्याकडच्या बहुतेकांचा जीव मात्र पुढच्या पिढीच्या मासिकांवर आहे. ऑगस्ट १९७६ चा ‘स्टारलॉग’ या अमेरिकी मासिकाचा पहिला अंक ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेवर होता. १९७७ च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ चित्रपट आला आणि ऑगस्टच्या सातव्या अंकावर त्यातलं लढाऊ यान झळकलं. इंग्लंडात त्याच वर्षाअखेरीस ‘स्टारबर्स्ट’ सुरू झालं. ‘सिनेफँटॅस्टिक’ १९७० पासून निघत होतंच, पण एकेका चित्रपटाचं काम मुळापासून उलगडणारे त्याचे जाडजूड जोडअंक याच काळातले. व्हीसीआर घरोघरी नव्हता तेव्हा चित्रपटातली दृश्यं पुन्हा पाहायची ती याच पानांवर.

फोर्टात नोकरीला असलेले ठाणेकर हे अंक फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरून आणायचे. बाकीचे रद्दीच्या दुकानात किलोच्या भावाने मिळायचे, कधी मधलं पोस्टर काढून घेतलेलं, कधी जाहिरातीतलं मागणीचं कुपन कापलेलं. परदेशातून मागवायचे तर जहाजाच्या टपालाने. पार्सलला महिने लागायचे, पण ते खिशाला परवडायचं. मे २००७ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने परदेशी जाणारं जहाजाचं टपालच बंद केलं. तेव्हापासून अंकापेक्षा त्याचं विमानभाडं जास्त होऊ लागलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इलिनॉय राज्यातल्या एका गोदामाला आग लागून ‘स्टारलॉग’च्या जुन्या अंकांचा साठा जळाला. २००९ मध्ये छापील अंकही थांबला.

खाडीच्या काठावरची हवा हा आपल्या भागातला वेगळाच त्रास आहे. ‘फेमस मॉन्स्टर्स’ची आतली पानं स्वस्त कागदाची, ती कडेपासून तपकिरी होत जातात आणि दुमडली की तुटतात. ‘स्टारलॉग’च्या गुळगुळीत पानांना ओल लागली तर ती एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंगच निघून येतो. दोन्हींचा कणा पिनांवर. ऐरोली-वाशीच्या दोन पावसाळ्यांत पिन गंजते, डाग मधल्या चार पानांत उतरतो आणि मग मधलं पान सुटून येतं. जाणकार म्हणूनच आधी मधलं पान उघडून पाहतात, मुखपृष्ठ नंतर.

आता बरेच अंक स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. नुसतं वाचायचं असेल त्याने छापील प्रतीचा नाद सोडला, त्यामुळे फाटक्या अंकांचे भाव पडले. कुपनासकट धड असलेल्या प्रतींचे मात्र टिकून आहेत. क्रमांकांचा वाद टाळायला आता विकणारे ६९ आणि ८० या दोन्ही अंकांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवतात. ‘मॉन्स्टर वर्ल्ड’चे दहा अंक असलेच, तर त्यांचा भाव वेगळा सांगतात.