दारू सोडताना परस्पर आधार : कोल्हापूर

दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना नियमित भेटून, आपापले अनुभव सांगून आणि अडीअडचणीला धावून जाऊन दारूपासून दूर राहण्याची पद्धत. अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) हा तिचा जगभर पसरलेला प्रकार. कोल्हापूर परिसरात हा आधार मुख्यतः तीन वाटांनी मिळतो : एएच्या मराठी सभा, व्यसनमुक्ती केंद्रांतून परतलेल्यांच्या पाठपुरावा बैठका आणि वारकरी माळकऱ्यांची संगत. यांतली तिसरी वाट सर्वांत जुनी, तरी या विषयात तिची गणना सहसा कोणी करत नाही.

उगम : एएची सुरुवात 1935 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात झाली. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरणारा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी तिथे गेला होता. काम फिसकटले आणि हॉटेलातल्या बारकडे पाय वळू लागले, तेव्हा ‘माझ्यासारखाच एखादा दारुडा गाठून द्या’ म्हणून त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. पंधरा मिनिटांच्या बोलीवर बसलेले दोघे कित्येक तास बोलत राहिले. डॉ. बॉबने शेवटची दारू घेतली तो दिवस, 10 जून 1935, एएचा स्थापनादिन मानला जातो. विल्सन तिथे स्वतःला वाचवायला गेला होता. डॉक्टर वाचला तो त्या ओघात. सारी पद्धत याच अनुभवावर उभी आहे. नव्याला धीर देणाऱ्या जुन्याचाही तो दिवस दारूविना जातो, म्हणून इथे उपकाराची भाषा चालत नाही. भारतात एएचे काम 1957 पासून सुरू आहे.

कोल्हापुरातील अडचण : इथे दारू बहुधा संगतीने प्यायली जाते. तालमीचा कट्टा, मंडळाची मीटिंग, उद्यमनगरात किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत पाळी सुटल्यावरचा अड्डा, शेतावरचे रस्सा मंडळ (मटण-रश्श्याच्या जेवणाचा बेत) आणि गावची म्हाई (जत्रा). ‘आज जेवण हाय, ये भावा’ या निमंत्रणात तांबडा-पांढरा असतो तशी बाटलीही गृहीत असते. त्यामुळे दारू सोडणाऱ्याला पेल्याबरोबर माणसेही सोडावी लागतात, आणि खरी पोकळी तिथे पडते. ‘घरात बसून राहा’ हा नातेवाइकांचा सल्ला म्हणूनच फार दिवस टिकत नाही. संध्याकाळी सातला कुठे जायचे, या प्रश्नाला उत्तर लागते. सभा ते उत्तर देते.

धोक्याचे दिवसही ठरलेले असतात. पगाराचा दिवस, ऊसबिल खात्यावर पडते तो दिवस (कायद्याने हे बिल ऊस घातल्यापासून 14 दिवसांत द्यायचे असते, प्रत्यक्षात केव्हा मिळते हे शेतकऱ्याला विचारावे), आषाढातल्या जत्रा आणि गटारी. दुसऱ्या दिवसापासून ‘श्रावण पाळणारे’ पुष्कळ. महिनाभर न पिता राहता आले म्हणजे आपल्याला व्यसन नाही, असा त्यांतल्या कित्येकांचा समज असतो. पण रोज सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेणाऱ्याने असे एकदम थांबणे जिवावर बेतू शकते. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. भ्रम, भास, घाम व ताप यांचा गंभीर प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सुरू होतो. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्यावे. तिथे थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) आणि झटके रोखणारी औषधे मिळतात. सभेचे काम त्यानंतरचे. जुने सभासद हे जाणतात आणि थरथरणाऱ्या नवख्याला खुर्चीवर बसवण्याआधी दवाखान्यात घेऊन जातात.

सभा : जागा बहुधा उसनी असते, शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या किटलीतला चहा, भिंतीवर बारा पायऱ्यांचा, म्हणजे एएने सांगितलेल्या दारूमुक्तीच्या टप्प्यांचा तक्ता. सुरुवातीला शांतिप्रार्थना होते. मग एकेक जण फक्त पहिले नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि बोलतो. बायकोचे डोरले गहाण टाकले, पोराच्या फीचे पैसे प्यायलो, सुपरवायझरला चौथ्यांदा आजी मेल्याचे सांगितले. या शेवटच्या वाक्याला सगळे हसतात, कारण प्रत्येकाच्या घरच्या आज्या अशाच वारंवार वारलेल्या असतात. या हसण्यात कीर्तन-प्रवचनाला न जमणारी एक सुटका आहे. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणीसाठी थाळी फिरते. बाहेरची देणगी घ्यायची नाही, हा एएचा नियम. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा पुरते, फी नाही. ‘फक्त आजचा दिवस’ एवढीच बोली असते. जुना सभासद नव्याचा स्पॉन्सर (पाठीराखा) होतो आणि आपला नंबर देतो. फोन प्यायल्यावर करण्यापेक्षा पिण्याआधी करावा, असे बजावून सांगतात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ उसळते. बोलण्यात थोडा वेळ गेला तरी ती बरीच ओसरते.

अनामिकता हा एएचा पाया, आणि पेठेत तीच अवघड. शिवाजी पेठेतला माणूस मंगळवार पेठेत लपून राहू शकत नाही. खुर्चीवर बसण्याआधीच ‘तू अमक्याचा भाचा न्हवं?’ असा प्रश्न येऊ शकतो. त्यावर काहींनी काढलेला तोडगा म्हणजे दुसऱ्या गावची सभा धरणे. इचलकरंजीचा कोल्हापुरात येतो, कोल्हापूरचा सांगली गाठतो. लाज मात्र चमत्कारिक असते. गटारात पडलेला सगळ्यांनी पाहिलेला माणूस सभेच्या दारात शिरताना कोणी पाहील म्हणून तोंड लपवतो.

शपथ आणि माळ : जोतिबाची आण, आदमापूरच्या बाळूमामांचा भंडारा उचलणे, देवीपुढे हात ठेवणे हे दारू सोडण्याचे रूढ मार्ग. त्यांनी दारू सुटलेली माणसे गावोगाव भेटतात, म्हणून त्यांना हसण्यात अर्थ नाही. उणीव एवढीच की शपथ मोडली की माणूस देवाला आणि लोकांना दोघांनाही तोंड चुकवतो, आणि मग पिणे वाढते. सभेत घसरलेला परत येतो, पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो आणि त्याला चहा मिळतो. माळेचे बळ वेगळे आहे. तुळशीची माळ घातली की दारू-मटण सुटते, पण त्याबरोबर एकादशी, भजन आणि दिंडी येते. कोल्हापूरहून आषाढीला प्रतिपंढरपूर नंदवाळला चालत जाणाऱ्या माळकऱ्याला नवी माणसे मिळालेली असतात. निव्वळ शपथेत ती नसतात.

केंद्रे व पाठपुरावा : पुण्याचे मुक्तांगण (1986) डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने उभे केले; साताऱ्याचे परिवर्तन डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी. कोल्हापूरकर उपचाराला अशा ठिकाणी जातात. केंद्रात महिना निभावतो. कसोटी लागते ती परतल्यावरच्या पहिल्या शनिवारी, आणि त्यासाठीच गावातला पाठपुरावा गट हवा. माणसाला जबरदस्तीने गाडीत घालून नेणाऱ्या केंद्रांपासून दूर राहावे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी निगडित मानसिक अवस्था समाविष्ट असल्याने रुग्णाचे हक्क त्यालाही लागू होतात.

घरची माणसे : अल-अॅनॉन ही नातेवाइकांची संघटना 1951 मध्ये सुरू झाली. बाटल्या लपवणे, उधारी भागवणे, कामावर ‘ताप आलाय’ म्हणून कळवणे यांत घरच्या बाईची वर्षे जातात. ‘हे व्यसन मी लावले नाही, मला ते आवरता येत नाही, बरेही करता येत नाही’ हे तिला तिथे कळते. पिणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून बिकट. पुरुषांनी भरलेल्या सभेत बोलणे त्यांना जमत नाही आणि स्त्रियांच्या वेगळ्या गटाची गरज इथे पुरती भागलेली नाही.

परिणाम व आक्षेप : वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास व 10,565 व्यक्तींची माहिती तपासली गेली. सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर रूढ उपचारांहून सरस ठरले. हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले आहेत. बारा पायऱ्यांतील ईश्वराचा उल्लेख, शाहू महाराजांच्या आणि सत्यशोधकांच्या शहरात, काहींना खटकतो. ‘आपल्याला समजेल तशी’ शक्ती मानण्याची मुभा आहे, आणि नास्तिक सभासद गटालाच ती शक्ती मानून मोकळे होतात. केंद्र सरकारच्या 2019 च्या सर्वेक्षण अहवालानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांत एकालाच काही उपचार मिळालेला होता. कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक 14446, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416.