अडीच लाखांच्या वर गेलं की सगळ्यावर टॅक्स? नाही हो

इंग्लंडमध्ये घर घेताना अजून कोणीतरी सांगतंच, किंमत २,५०,००० पौंडांच्या आतच ठेव, नाहीतर अख्ख्या रकमेवर जास्त स्टॅम्प ड्युटी बसेल. हे ३ डिसेंबर २०१४ पर्यंत खरं होतं, तेव्हा अडीच लाखाला १ टक्का म्हणजे २,५०० आणि एक पौंड वर गेला की ३ टक्के, थेट ७,५००, म्हणून तर लोक पडदे-फ्रिजचे पैसे वेगळे दाखवायचे. आता वरचा दर फक्त वरच्या भागावर लागतो. एप्रिल २०२५ पासूनच्या दराने २,५५,००० च्या घराला २५० पौंड जास्त, बस, एवढ्यासाठी घर सोडायचं म्हणजे कमालच! पण पहिलंच घर असेल तर ५,००,००० ला खरंच घासाघीस करा, त्याच्या वर गेलं की सवलतच जाते आणि टॅक्स १०,००० वरून १५,००० वर.